चक्का जाम नंतर, आधी दोनशे पानी वही

प्रश्न : मी सोलापूरचा, वय 29. अकरा वर्षं गाडीवर, त्यातली तीन किन्नर (क्लीनर) म्हणून गेली. सध्या सिमेंटच्या गोण्या भरून पुणे आणि हैदराबाद करतो. भरायला गेलो की गेटबाहेर कधी दहा तास, कधी दीड दिवस उभं राहावं लागतं. पाणी नाही, संडास नाही. पैसे फेरीवर मिळतात, त्यामुळे थांबलेल्या वेळेचं काही नाही. मालकाला विचारलं तर म्हणतो, कंपनी मला देत नाही, मी तुला कुठून देऊ? आम्ही तीस-चाळीस जणांनी मोबाइलवर ग्रुप केला आहे. सगळ्यांचं म्हणणं, बाळे गावाजवळ हायवेवर गाड्या आडव्या लावू, एका दिवसात सगळे वठणीवर येतील. लावू का?
— एक चालक

उत्तर : तुला एकेरीच लिहितो. माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे, आणि तोही असाच तापतो.

नको लावू. भ्यायला सांगत नाही. पण आडव्या गाडीमागं कोण अडकणार ते बघ. सिमेंटच्या गेटवर टोकन देणारा माणूस अडकणार नाही. मार्केट यार्डात कांदा घेऊन निघालेला मोहोळचा टेम्पो अडकेल, सिव्हिलला निघालेली बाळंतीण अडकेल, आणि तुझ्यासारखाच एक कर्नाटकचा ड्रायव्हर अडकेल. तो तुला आईवरून शिव्या देईल. वर गाडी तुझी नाही. मालक हात झटकून मोकळा होईल आणि रस्ता अडवल्याचा गुन्हा तुझ्या नावावर लागेल. नव्या न्याय संहितेच्या कलम 285 चा दंड तसा 5,000 रुपयांपर्यंतच आहे. पण जमावबंदीचा हुकूम चालू असला की त्याचंही कलम जोडलं जातं, आणि मग तारखा. तारखेला कोर्टात उभा राहिलास की त्या दिवसाची फेरी गेली.

मी 34 वर्षं स्टेअरिंग धरलं. चक्का जाम बाहेरून पाहिला नाही, आत बसून पाहिला. जुलै 2018 चा देशभरचा बंद, 20 तारखेला सुरू झाला आणि आठ दिवस चालला. मी टॉवेलच्या गठड्या घेऊन भिवंडीच्या बाहेर उभा होतो. बायकोनं बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या सहाव्या दिवशी संपल्या. शेंगाचटणीचा डबा मात्र शेवटपर्यंत पुरला, कारण भाकरीच नव्हती. मागण्या काय होत्या? डिझेलचा भाव, टोल, थर्ड पार्टी विम्याचा हप्ता. तिन्ही खऱ्या, पण तिन्ही मालकाच्या. चालकाची झोप, चालकाचा भत्ता, चालकाचा संडास, यातलं काही आमच्या कानावर आलं नाही. बंद मिटला, मी सोलापूरला आलो आणि आठ दिवसांचा भत्ता मागितला. मालक म्हणाला, "फेरी झाली नाही, भत्ता कसला बे?" त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी थांबवायची ताकद आपली होती, मागणी दुसऱ्याची होती.

जानेवारी 2024 ला उलटं झालं. अपघात करून पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, या कलमाविरुद्ध चालक स्वतःहून स्टेअरिंगवरून उतरले. एक आणि दोन जानेवारीला पंपांवर केवढ्या रांगा लागल्या ते तू पाहिलंसच. दोन तारखेच्या रात्री केंद्राच्या गृहसचिवांना सांगावं लागलं की कलम अजून लागू नाही, वाहतूकदारांशी बोलूनच ठरवू. पुढं 1 जुलै 2024 ला नवा कायदा आला तेव्हा हेच कलम, म्हणजे 106 चं दुसरं पोटकलम, बाजूला ठेवलं गेलं. ही आपल्याला जमलेली गोष्ट, नाकारू नये. पण त्यातही एक लाज वाटणारी बाब आहे. "सात लाख दंड" हा आकडा तेव्हा प्रत्येक ढाब्यावर होता. मी स्वतः चौघांना छातीठोकपणे सांगितला. कायद्यात दंड आहे, सात लाख कुठंच नाही. मुलीनं मोबाइलवर कलम काढून वाचून दाखवलं तेव्हा मी चहा ढवळत बसलो.

म्हणून तुला आधी वही घ्यायला सांगतो.

2012 साली एका कारखान्याच्या गेटवर (नाव देत नाही) आमचे असेच हाल होते. आम्ही बावीस जण. समोरच्या चहावाल्याकडं दोनशे पानी वही ठेवली, दोरीनं पेन बांधलं. नाहीतर पेन पहिल्याच दिवशी हैदराबादला गेलं असतं. प्रत्येकानं लिहायचं : गाडी नंबर, टोकन किती वाजता, रिकामी गाडी वजनकाट्यावर किती वाजता, भरून बाहेर किती वाजता. ज्याला लिहिता येत नाही त्याचं चहावाल्याच्या पोरानं लिहायचं. चाळीस दिवस लिहिलं. आमची समजूत अशी की कंपनी मुद्दाम गाड्या तटवते. वहीत वेगळंच निघालं. भरणं ठीक चालू होतं. एका ट्रान्सपोर्टच्या गाड्या मागून येऊन पुढं जात होत्या, आणि पाळी बदलताना दीड तास काटाच बंद राहत होता. टोकनवाला आणि काटा, रोग या दोन ठिकाणी होता. हे कळल्याशिवाय आम्ही गाड्या आडव्या लावल्या असत्या तर काय मागितलं असतं? "न्याय द्या" म्हणालो असतो, आणि साहेबानं "देतो" म्हणून आत पाठवलं असतं.

वही घेऊन पाच जण आत गेलो. पहिल्यांदा साहेबानं बसायला खुर्ची दिली, कारण आमच्या हातात आकडे होते. टोकनचे नंबर फळ्यावर लिहायला लागले, एक नळ आला, दोन संडास आले. चोवीस तासांच्या वर थांबलं तर हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, द्यायचंही कबूल झालं. पण ते हॉल्टिंग मिळालं मालकाला! चालकाच्या हातात त्यातलं अर्धं पडायला आणखी सात महिने मालकांशी भांडावं लागलं. तेव्हा तू पहिल्याच कागदात लिही : किती तासांनंतर हॉल्टिंग, किती रुपये, आणि त्यातले किती चालकाचे. बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) किंवा भाड्याच्या करारात ते आलं नाही तर ते आलंच नाही असं समज.

आता कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहतूक कामगारांचा 1961 चा कायदा आठ तासांचा दिवस आणि 48 तासांचा आठवडा सांगत होता. पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, जादा तासांना दुप्पट मजुरी. तो आता 2020 च्या कामगार संहितेत विरघळवला आहे. जुना कायदा पाच कामगार असलेल्या धंद्याला लागायचा. माझ्या एका मालकाच्या सात गाड्या होत्या, बायको, मेहुणा, आई आणि स्वतः अशा चार नावांवर. चारचौघांत तो "माझ्या सात गाड्या" म्हणायचा, कागदावर दोन दाखवायचा. तुझा मालक काय दाखवतो ते आरसी बुकावरून उतरवून ठेव. संघटना नोंदवायला सात जण अर्ज करू शकतात. आणि संप करायचाच ठरला तर 14 दिवसांची लेखी नोटीस दे. सहायक कामगार आयुक्तांकडं प्रत देऊन पोच घे. धरणं धरून बसायचं असेल तर सोलापुरात आंदोलनं होतात त्या पूनम गेटला परवानगी घेऊन बसा, गाड्या घरी लावून. रिकामी गाडी दारात उभी राहिली की मालकाला हप्ता दिसतो. हायवेवर उभी राहिली की पोलिसाला तू दिसतोस.

राहिलं माणसं जमवायचं, आणि हेच खरं अवघड. माझी आई बिड्या वळायची. सोलापूरच्या बिडी कामगार बायकांनी मोर्चे काढून काढून कुंभारीला हजारो घरं मिळवली, ते सगळ्या गावानं पाहिलं. त्या जमल्या कशा? बिड्या द्यायला आणि पत्ता-तंबाखू घ्यायला त्यांना कारखान्यात एकाच ठिकाणी यावंच लागायचं. रांगेत बोलणं व्हायचं. चालकाला अशी रांग नाही, तो आज झहीराबादला आणि उद्या चाकणला. आपली रांग म्हणजे तेच गेट, ज्याला तू शिव्या घालतोस. तिथं दहा तास उभा आहेस ना? मग त्या दहा तासांत पत्ते कमी आणि बोलणं जास्त कर. आणखी एक : आपल्याकडं कानडी, तेलुगू आणि हिंदीवाले आपापल्या चुलीभोवती बसतात. पहिले सात जण सगळे मराठीच झाले तर बाकीचे तुझा निरोप ऐकतील, पण येणार नाहीत. ग्रुपवर लांबलचक लिहू नकोस, आवाज भरून पाठव, तीन भाषांत.

वही भरली की मला पानांचे फोटो पाठव. मला बघायला आवडेल.

प्रश्न : आमच्या घरचे ट्रकवर आहेत. महिन्यात चार-पाच रात्री घरी असतात. आता ते संघटनेत नाव देतो म्हणतात. काम गेलं तर दोन पोरांची फी कुठून भरू? त्यांना अडवू का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : ताई, तुमची भीती खोटी नाही. निवेदनावर पहिली सही ज्याची, त्याला मालक पहिला "उद्या येऊ नको" म्हणतो. आम्ही त्यावर तोडगा काढला होता. सह्या एकाखाली एक केल्या नाहीत, मजकुराभोवती गोल केल्या. कुणाची पहिली आणि कुणाची शेवटची ते कळायचंच नाही. मालकानं कागद फिरवून फिरवून पाहिला.

पण मला विचाराल तर अडवायचं असेल तर एका गोष्टीसाठी अडवा : उचल. दिवाळीला किंवा पोरांच्या शाळेला मालकाकडून घेतलेले वीस-तीस हजार अंगावर असतील, तर तो माणूस ना नोकरी सोडू शकतो ना तोंड उघडू शकतो. आमच्या धंद्यात बेडी कुणी घालत नाही, उचल देतात. ती फिटेपर्यंत त्यांना वहीत लिहू द्या, पुढं उभं राहू देऊ नका. किती घेतली, दर फेरीला किती कापली, याचा हिशेब तुम्ही घरी ठेवा. मालकाच्या डायरीतली उचल कधीच फिटत नाही. लायसन्स आणि आधार कार्डाच्या प्रती, गाडीचा नंबर, विम्याच्या कागदाचा फोटो हेही घरात असू द्या. आणि ई-श्रमची, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी, नोंदणी नसेल तर करून टाका, 16 ते 59 वयाला होते.

त्यांना विचारून बघा, नाव का द्यावंसं वाटतं? फोनवर नको. घरी असतील त्या रात्री, जेवण झाल्यावर.

प्रश्न : अपघात झाला तर थांबायचं की पळायचं? लोक मारून टाकतात.
— चालक, टेंभुर्णी

उत्तर : मोटार वाहन कायद्याचं 134 वं कलम जखमीला मदत करायला सांगतं. पण जमाव चवताळला असेल आणि मदत शक्यच नसेल तर सूट आहे, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर 24 तासांत, कळवायलाच हवं. म्हणजे जीव वाचवायला लांब जाणं वेगळं आणि कळवलंच नाही हे वेगळं. जाता जाता 112 ला फोन लावा, तो तुमच्या मोबाइलमध्ये वेळेसकट राहतो. मी एकदा सावळेश्वरच्या टोलपर्यंत गाडी नेऊन तिथल्या पोलिसांसमोर उतरलो होतो. माझे पाय तेव्हा इतके लटपटत होते की क्लचवरून काढताच येईनात.

प्रश्न : ट्रकला एसी सक्तीचा झाला म्हणतात. माझ्या गाडीला कधी लागणार?
— चालक, मंगळवेढा

उत्तर : तुमच्या गाडीला नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार झालेल्या, साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना तो आहे. जुन्याला भिजवलेला पंचा. आणि नवी गाडी हातात आली तरी मालक "एसी डिझेल खातो" म्हणून फ्यूज काढून ठेवील. ते मागणीपत्रात लिहा, मी थट्टा करत नाही.

प्रश्न : माझी एकच गाडी, मीच चालवतो. हप्ता चालू आहे. चालकांची समिती होते आहे, मी त्यात बसतो की मालकांच्या संघटनेत?
— चालक-मालक, होटगी रोड

उत्तर : गेटवर तुम्हीही उपाशीच उभे असता, तेव्हा चालकांत या. हॉल्टिंगचा हिशेब, डिझेलचा ताळा, ट्रान्सपोर्टचं कमिशन हे त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं, ते शिकवा. अध्यक्ष होऊ नका. उद्या दुसरी गाडी घेतलीत आणि तिच्यावर माणूस ठेवलात की तुमचं बोलणं बदलेल. दोष तुमचा नाही, हप्त्याचा. तेव्हा आपणहून उठून पलीकडं बसा. आणि वर्गणीचं पावतीपुस्तक कुणी हातात दिलं तरी घेऊ नका.