मागे कोण आहे?

प्रिय भाचीबाई,

तू पाठवलेल्या व्हॅलोरंटच्या, म्हणजे त्या पाच विरुद्ध पाच गोळीबाराच्या कॉम्प्युटर गेमच्या, तिन्ही मॅच पाहिल्या. एकदा जेवताना, एकदा मामी झोपल्यावर आणि एकदा वही-पेन घेऊन. तिसऱ्या खेपेला लक्षात आलं की तू मला प्रश्नच चुकीचा विचारलायस.

तू विचारलंस, "मामा, केडी (मारले भागिले मेले) १.३ आहे, रोज चाळीस मिनिटं एमची (नेमाची) प्रॅक्टिस करते, तरी चार महिने गोल्ड २ रँकमध्येच का?" आणि मी तोंड उघडायच्या आत "टीममेट्सच बेकार मिळतात" हे उत्तरही देऊन मोकळी झालीस. व्हॅलोरंटमध्ये आयर्नपासून रेडियंटपर्यंत नऊ पायऱ्या आहेत आणि तू चौथीवर आहेस. चौथ्या पायरीवरच्या प्रत्येकाला उरलेले चार जण बेकार वाटतात. ते चौघंही आपापल्या मामांना हेच लिहीत असतील.

आता माझ्या वहीतलं सांगतो. तीन मॅच मिळून तू ४९ वेळा मेलीस. (हे पत्र आजीच्या हाती लागू देऊ नकोस.) त्यातल्या ३४ वेळा तुझ्या आसपास, दोन सेकंदांत पोचून तुला मारणाऱ्याला गाठेल असं आपलं कुणीही नव्हतं. उरलेल्या १५ वेळा कुणीतरी होतं, आणि त्यातल्या ११ वेळा तुला मारणारा लगेच मेला. त्या ३४ मधले असे किती? तीन. तुझा एम या दोन्ही खात्यांत तोच होता गं.

असेंट मॅपवरचा तो राऊंड काढ, १०–११ स्कोअर असतानाचा. आपण अटॅकला. चौघं ए साइटच्या वाटेवर, ए मेनमध्ये जमलेत, ओमेन हे पात्र घेतलेला स्मोक, म्हणजे धुराचे पडदे, टाकायच्या बेतात आहे. आणि तू? मिडला, मॅपच्या मधोमध एकटी, मार्केटच्या दाराकडे व्हँडल रायफल रोखून. पावलं ऐकू आली, तू पीक केलंस, डोक्यात एक गोळी आणि समोरच्या टीमचा सोवा आडवा. झकास गोळी होती, वादच नाही. लगेच तू त्याच कोपऱ्यावरून परत डोकावलीस आणि दुसऱ्यानं तुला उडवलं. तेव्हा घड्याळात ५८ सेकंद बाकी होते आणि ओमेनचे स्मोक अजून पडलेसुद्धा नव्हते. तुझ्या सगळ्यात जवळच्या माणसाला तुझ्या जागी यायला नऊ सेकंद लागले. मी मोजले.

तू म्हणशील, एक मारला, एक मी मेले, हिशेब बरोबर. नाही. मागे कुणी असतं तर हिशेब दोनास एक झाला असता. ज्यानं नुकतंच कुणाला मारलंय तो त्या क्षणी मैदानातला सगळ्यात कच्चा माणूस असतो. त्याची जागा उघडी पडलेली असते, बंदूक अजून तुझ्या प्रेताकडे असते, मॅगझिनमधल्या बऱ्याच गोळ्या उडालेल्या असतात आणि बहुतेक वेळा तू त्याला थोडंफार भाजलेलंही असतं. दोन सेकंद तो असा असतो. तिसऱ्या सेकंदाला तो कोपऱ्याआड जाऊन रिलोड करून पुन्हा पहिल्यासारखा तयार. या दोन सेकंदांत जी टीम पोचते ती वर चढते.

म्हणून तुला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. कोपऱ्यावरून डोकावायच्या आधी स्वतःला विचार: मागे कोण आहे? उत्तर "कुणी नाही" असेल तर डोकावू नकोस. थांब. मागे सरक. माणसांजवळ जा. मेलीस तरी चालेल, पण तुझा ट्रेड घेता येईल, म्हणजे तुला मारणाऱ्याला आपल्यातलं कुणी लगेच मारू शकेल, अशा जागी मर.

हे मला कुठून कळलं ते तुझ्या आईला अर्धवट माहीत आहे. तिला वाटतं मी कॉलेजात असताना सायबर कॅफेत पैसे उडवले. ते खरंच आहे. पण आम्ही पाच जण काउंटर-स्ट्राइक १.६ मन लावून खेळायचो, आणि २००८ साली एका कॉलेजच्या फेस्टमध्ये फायनलला पोचलो होतो. मॅप डस्ट२. सोळा राऊंड जिंकणारा जिंकला, आम्ही १४, ते १५. आम्ही सीटी, म्हणजे बचावाला, माझ्याकडे एडब्ल्यूपी, म्हणजे खेळातल्या ४७५० डॉलरची स्नायपर बंदूक, अख्ख्या टीमनं काटकसर करून मला घेऊन दिलेली. लाँगला, म्हणजे लांबच्या वाटेवर, बसून राहायचं एवढंच माझं काम. मी बसलो नाही. लाँगच्या दारातून एकटाच पुढे गेलो. पहिला मारला. दुसऱ्यानं मला मारलं. माझी एडब्ल्यूपी त्यांनी उचलली आणि आमच्याच दोघांना तिनं मारलं.

स्कोअरबोर्डवर मी पहिला होतो. ३१ किल. त्या स्क्रीनचा फोटो मी मोबाईलवर काढला होता, हरलेल्या मॅचचा! आणि शॉर्ट, म्हणजे जवळची वाट, सांभाळणाऱ्या मित्राला सगळ्यांसमोर म्हणालो, "तू आला असतास तर जिंकलो असतो." तो काही बोलला नाही. त्यानंतर आम्ही पाचही जण एकत्र कधी खेळलो नाही. तो आता बंगळुरूला असतो, वाढदिवसाला मेसेज येतो-जातो.

खरं सांगू? माझं अगदीच चुकलं नव्हतं असं मला अजूनही मधूनमधून वाटतं. ते राऊंडमागून राऊंड लाँगनं हळूहळू येत होते, कुणीतरी जाऊन धक्का देणं भागच होतं. पहिला तर मी मारलाच होता ना. मित्र चार पावलं पुढे असता तर... बघ, सुरू झालं. "तो असता तर" हे मी मेल्यावर म्हणालो. जायच्या आधी विचारायला हवं होतं. मागे कोण आहे?

तर रेनाबद्दल, तू नेहमी घेतेस त्या पात्राबद्दल. एवढी वर्षं एकटीनं खेळायची खोड तुला मुळात नव्हतीच, ती रेनानं लावली. किल मिळाला तरच ती स्वतःला बरं करते, किल मिळाला तरच ती निसटते, आणि दुसऱ्याला द्यायला तिच्याकडे समोरच्यांची नजर अंधुक करणाऱ्या त्या एका डोळ्याखेरीज काही नाही. महिनाभर तिला हात लावू नकोस. ओमेन घे, ब्रिमस्टोन घे. स्मोक कधी टाकायचा हे ठरवायला बाकीचे कुठे आहेत ते बघावंच लागतं, तेवढ्यानंच अर्धं काम होईल. "पण मामा, रेनावर मी टीमला कॅरी करते" हे मला लिहून पाठवू नकोस, वाचणार नाही.

पैशांचंही तेच. दुसऱ्या मॅचमध्ये चौघं स्वस्त शेरीफ पिस्तुलावर बचत करत होते आणि तुझ्याकडे खेळातले ३९०० होते म्हणून तू २९०० ची व्हँडल आणि १००० चं चिलखत घेऊन ऐटीत उभी. पंधराव्या सेकंदाला मेलीस. पुढच्या राऊंडला तुझ्या खिशात धड काही नाही, आणि तुझी व्हँडल समोरच्याच्या हातात. एकटीनं श्रीमंत होण्यात अर्थ नसतो. सगळ्यांनी मिळून घ्या, नाहीतर सगळ्यांनी मिळून उपाशी राहा.

आता माईक. गेल्या आठवड्यात फोनवर मी तुझ्यावर खेकसलो, "बोलत का नाहीस? माहिती कोण देणार?" तू काहीच बोलली नाहीस आणि रात्री ते बारा सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवलंस. तू फक्त "दोन जण बी मेनला" एवढंच म्हणालीस आणि त्यावर तो पोरगा जे बोलायला लागला ते मी पुरतं ऐकूही शकलो नाही. माझ्या कॅफेत मुली का नव्हत्या हे मला त्या काळात कधी सुचलंच नाही. आम्ही पण काही कमी अचकट-विचकट बोलत नव्हतो. खेकसल्याबद्दल सॉरी.

यावर माझ्याकडे मोठा तोडगा नाही. असल्यांना पहिल्या शब्दाला म्यूट कर, रिपोर्ट कर आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पण ट्रेडला माईक लागत नाही, पाय लागतात. टीममधला जो सारखा पुढे धावतो तो हेर आणि त्याच्या मागे दोन-तीन पावलं राहा. अगदी चिकटू नकोस, गोळ्यांच्या एकाच स्प्रेमध्ये दोघं जाल. तो मेला की लगेच बाहेर पड, तिथे विचार करत बसू नकोस. समोरचा दिसला की पिंग, म्हणजे मॅपवर खूण, टाक. कमी बोलणारी पण कायम मागे असणारी मुलगी मला टीममध्ये हवीच असते. आणि जमेल तितकं लवकर आपल्या माहितीतली माणसं गोळा कर. तुझ्या वर्गातल्या त्या दोघी गोल्डच्या खाली आहेत म्हणून तू त्यांना टाळतेस ना? टाळू नकोस.

मोठ्या मॅच बघत असशील तर हायलाइट बघणं बंद कर. हायलाइटमध्ये एकटा माणूस चौघांना मारताना दिसतो आणि तुझ्यासारख्या पोरी बिघडतात. पूर्ण मॅच लाव. कुणी मेला की त्याच्याकडे बघू नकोस, पुढच्या दोन सेकंदांत त्याचा जोडीदार काय करतो ते बघ. फनॅटिक या टीमनं २०२३ मध्ये साओ पाउलो आणि टोकियो अशा दोन मोठ्या स्पर्धा मारल्या. त्यांचा तेव्हाचा कॅप्टन बोस्टर किलच्या यादीत कितीदा तरी तळाला असायचा, त्याची पावलं बघ. २०२२ ची बर्लिनची गेम चेंजर्स, म्हणजे महिलांच्या स्पर्धेची, फायनलही बघ, जी२ गोझेननं शॉपिफाय रिबेलियनला ३–२ नं हरवलं ती. पाचही जणी एकमेकींपासून किती अंतरावर चालतात ते मोज. हवं तर पट्टी लाव स्क्रीनला.

माउसची सेन्सिटिव्हिटी विचारली होतीस. ८०० डीपीआयला ०.३५ ठीक आहे, वर्षभर हात लावायचा नाही, विषय संपला. ताईनं मॉनिटरबद्दल विचारलं तर मी १४४ हर्ट्झला हो म्हणेन, ६० वरून गेलीस की फरक खरंच कळतो. २४० चा हट्ट केलास तर मी तिच्या बाजूनं आहे. लॅगचं कारण मला सांगायचं नाही, सर्व्हर मुंबईत आहे आणि तू पुण्यात.

एम ट्रेनिंग चाळीसची पंधरा मिनिटं कर. तुला वाटेल, मामाचा हात आता चालत नाही म्हणून तो एमला नावं ठेवतो. असेल थोडं तसं. चाळिशीला टेकलोय, वीस वर्षांच्या पोरासमोर माझी गोळी उशिराच सुटते. पण एमसाठी खेळतेस त्या डेथमॅचमध्ये मागे कधीच कुणी नसतं, आणि रोज चाळीस मिनिटं तू नेमकी त्याचीच सवय करतेयस, हे तरी खोटं आहे का?

वहीत दोन रकाने आख. मेलीस की एक काडी. मागे कुणी होतं तर डावीकडे, नव्हतं तर उजवीकडे. किल लिहायचे नाहीत. वीस मॅच झाल्या की पानाचा फोटो पाठव, रँकचा नको.

शनिवारी रात्री साडेदहाला मी ऑनलाइन येतो. त्या दोघींना पण बोलाव. ओमेन तू घे, मी पुढे धावतो.

तुझा,
मामा

ता.क. हे लिहिताना राहवेना म्हणून त्या बंगळुरूवाल्याला फोन केला. म्हटलं, ती फायनल आठवते? तो म्हणाला, "मी शॉर्टलाच होतो. तू जातोयस हे तू बोललाच नव्हतास." मी म्हणालो, बोललो होतो. सव्वा तास भांडलो. शनिवारी पाचवा माणूस म्हणून तो येतोय.