बार्बरकडे बोलतो, थेरपिस्टकडे नाही

प्रश्न : आम्ही अटलांटात राहतो. नवरा इथलाच, कृष्णवर्णीय. फेब्रुवारीत सासूबाई गेल्या, तेव्हापासून त्याची झोप उडाली आहे. कामावरून आला की गाडी दारात लावून अर्धा तास आतच बसून राहतो. माझ्या आग्रहाखातर एकदा थेरपिस्टकडे गेला. पोलिसांची गाडी दिसली की छातीत धडधडतं, असं त्याने सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "जरा जास्तच विचार करता का?" घरी येऊन म्हणाला, "तासभर मीच तिला शिकवलं, वर पैसे मोजले." आता विषय काढू देत नाही. आणि शनिवारी बार्बरकडे मात्र तीन-तीन तास गप्पा!

उत्तर : अगं, तो उपचारांना कुठे नाही म्हणतोय? त्या बाईंना नाही म्हणाला. मीही उठून आले असते.

त्याच्या घरात डॉक्टरांबद्दल काय काय ऐकवलं गेलं असेल, याचा अंदाज घे. १८५१ मध्ये कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने, गुलाम पळून जातात तो मानसिक आजार आहे, असं चक्क लिहून ठेवलं. तुमच्या शेजारच्या अलाबामात, टस्कीगीला, १९३२ ते १९७२ सरकारी डॉक्टर शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस नुसता बघत राहिले. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. हे काही पणजोबांच्या काळातलं नाही, सासूबाईंच्या हयातीतलं आहे.

तेव्हा बार्बरवर रुसू नकोस. तिथे त्याला 'धडधडतं' या शब्दाचा अर्थ सांगत बसावं लागत नाही. 'द कन्फेस प्रोजेक्ट' ही संस्था तर बार्बरनाच शिकवते, की गिऱ्हाइकाचं ऐकायचं कसं आणि त्याला पुढची वाट कधी दाखवायची. सासूबाईंच्या चर्चमध्येही पास्टरना विचार, दुःखात असलेल्यांचा एखादा गट असेल.

पण झोप इतके महिने उडाली असेल, तर नुसत्या गप्पांवर भागणार नाही. 'थेरपी फॉर ब्लॅक मेन' या संकेतस्थळावर थेरपिस्टची यादी मिळेल. नावं त्याला निवडू दे. बरेच थेरपिस्ट आधी फोनवर थोडा वेळ बोलतात. तेव्हाच त्याने विचारावं, "माझ्यासारख्या किती जणांबरोबर काम केलंय?" उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं नाव.

उद्या गाडी दारात लागली की पलीकडचं दार उघडून शेजारी बस. प्रश्न नकोत. फक्त एक प्रश्न टाळू नकोस. जगणं नकोसं झाल्यासारखं बोलला, तर "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नकोस आणि ९८८ लाव, तो आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीचा अमेरिकेतला मदतीचा नंबर आहे. फोन किंवा मेसेज, दिवसरात्र केव्हाही. ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावलं की बऱ्याचदा आधी पोलीस दारात येतात. जीवावरच बेतलं तर तेही लावावं लागेल, म्हणून कुठला नंबर केव्हा लावायचा, हे त्याच्याशी आत्ताच बोलून ठेव.