वाचकांचे प्रश्न : दुकानातली बंदूक सीमेपार कशी जाते?

मेक्सिको सरकारने अमेरिकी बंदूक कंपन्यांविरुद्ध केलेला दावा ५ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला. त्या निकालाविषयी या सदरात लिहिल्यानंतर बंदूक बाळगण्याचा अमेरिकी हक्क आणि मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांकडे पोहोचणारी शस्त्रे यांबद्दल बरीच पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहे.

मेक्सिकोत बंदूक मिळवणे फार अवघड आहे असे वाचले. मग तिथल्या टोळ्यांकडे लष्कराला तोंड देण्याइतकी शस्त्रे येतात कुठून? (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

आपण वाचले ते खरे आहे. मेक्सिकोच्या राज्यघटनेतील दहाव्या कलमाने नागरिकाला घरात शस्त्र ठेवण्याचा हक्क दिला आहे. परंतु १९७२ च्या कायद्याने त्यावर इतकी बंधने घातली की कित्येक वर्षे साऱ्या देशात बंदुकीचे कायदेशीर दुकान एकच होते, तेही राजधानीत, लष्कराच्या आवारात आणि लष्कराच्याच ताब्यात. पुढे उत्तरेतल्या मॉन्टेरे शहराजवळ दुसरे निघाले. तिथे जन्मदाखला, नोकरीचा पुरावा, गुन्हा नोंदलेला नसल्याचा दाखला अशी कागदपत्रे जमवून माणसाला महिनोन्महिने थांबावे लागते, आणि लष्करी ताकदीचे शस्त्र तर सामान्य नागरिकाला मिळतच नाही.

उत्तरेला मात्र ३,१०० किलोमीटरहून लांब सीमा आहे आणि तिच्या पलीकडे टेक्सास, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्निया ही राज्ये आहेत. टेक्सास किंवा अ‍ॅरिझोनातल्या परवानाधारक दुकानात गिऱ्हाईक ओळखपत्र दाखवते, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरते, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे विचारणा करतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत होकार येतो. कामकाजाच्या तीन दिवसांत उत्तर आलेच नाही, तरी संघराज्याच्या कायद्याप्रमाणे दुकानदार बंदूक देऊ शकतो. विकणारा व्यापारी नसून खासगी माणूस असेल, तर या दोन राज्यांत ही चौकशीही लागत नाही.

टोळीचा माणूस स्वतः दुकानात जात नाही. ज्याच्यावर एकही गुन्हा नाही असा कुणीतरी तरुण किंवा पैशाची नड असलेली एखादी बाई शोधली जाते. पैसे टोळीचे, सही तिची. जमिनीच्या व्यवहारात आपण ज्याला बेनामी खरेदी म्हणतो, तोच हा प्रकार. मग त्या बंदुका थोड्या थोड्या करून दक्षिणेला निघतात. कधी मोटारीच्या दाराच्या पत्र्यामागे, कधी सुटे भाग करून जुन्या वॉशिंग मशीनमध्ये, कधी जादा टायरच्या पोटात. मेक्सिकोत याला 'मुंग्यांची वाहतूक' म्हणतात, आणि याहून नेमके नाव मला सुचत नाही. मुंगी एका वेळी एकच दाणा नेते, पण रांग तुटत नाही. एखादी पकडली गेली तरी टोळीचे फारसे बिघडत नाही.

नाक्यावरचे चित्रही समजून घ्यायला हवे. मेक्सिकोतून अमेरिकेत शिरणारी प्रत्येक गाडी थांबवली जाते, कुत्री हुंगतात, कागद तपासले जातात. उलट दिशेला अमेरिकी बाजूने नियमित तपासणी नाही, आणि मेक्सिकोच्या जकात नाक्यांवर वर्षानुवर्षे दिव्यांची पद्धत चालत आली : गाडी पुढे आली की हिरवा लागला तर सरळ जा, लाल लागला तर बाजूला घ्या.

जाणारी शस्त्रे केवळ पिस्तुले नसतात. .५० कॅलिबरची रायफल दीड किलोमीटरहून दूरचे लक्ष्य भेदते, तिच्या गोळीपुढे साधे चिलखती वाहन टिकत नाही, आणि कॅलिफोर्नियासारखी मोजकी राज्ये सोडली तर अमेरिकेत ती शिकारीच्या रायफलीसारख्याच रीतीने विकत मिळते. १७ ऑक्टोबर २०१९ रोजी कुलियाकान शहरात लष्कराने सिनालोआ टोळीच्या म्होरक्याचा मुलगा ओविदियो गुझमान याला धरले, तेव्हा टोळीने ट्रकांवर बसवलेल्या .५० कॅलिबरच्या बंदुकांसह शहर वेठीस धरले आणि काही तासांत सरकारला तो सोडून द्यावा लागला. दोन देशांतल्या कायद्यांतली तफावत रस्त्यावर उतरते ती अशी.

जळगावच्या एका वाचकांनी सातपुड्यातल्या उमर्टीच्या कट्ट्यांशी याची तुलना केली आहे. फरक एवढाच की तिथे शस्त्र चोरून घडवले जाते; अमेरिकेतून जाणारे बहुतेक शस्त्र कायदेशीर कारखान्यात तयार होते, अनुक्रमांक घेऊन बाहेर पडते आणि उजेडात, पावतीवर विकले जाते. ते काळ्या बाजारात शिरते ते त्यानंतर. या साऱ्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

मेक्सिकोतल्या नव्वद टक्के बंदुका अमेरिकी असतात, हा आकडा खरा आहे का? (पुणे, औरंगाबाद आणि मडगाव येथून तीन पत्रे)

आकडा कशाचा, ते आधी पाहावे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार २०१४ ते २०१८ या काळात मेक्सिकोत सापडून माग काढण्यासाठी अमेरिकेकडे पाठवलेल्या शस्त्रांपैकी सुमारे ७० टक्के अमेरिकेतून आलेली होती. २००४ ते २००८ या काळासाठी हाच आकडा सुमारे ८७ टक्के होता. हे प्रमाण पाठवलेल्या शस्त्रांचे आहे, सापडलेल्या सर्व शस्त्रांचे नाही. बंदूक हक्काचे समर्थक हा आक्षेप घेतात आणि तो रास्त आहे. मात्र ७० टक्के धरले तरी शेजारधर्माचा प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही.

बंदूक बाळगणे हा घटनादत्त हक्क असेल, तर तस्करी रोखण्याचे उपाय त्या हक्कावर घाला ठरत नाहीत का? (कायद्याचे विद्यार्थी, पुणे)

हक्काची बाजू आधी नीट मांडतो, कारण आपल्याकडे ती हसण्यावारी नेली जाते. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळणारा परवाना ही सरकारने दिलेली सवलत आहे. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने तो हक्क मानला, २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा, स्वतःच्या घरात स्वसंरक्षणाचा हक्क असल्याचे स्पष्ट केले आणि २०२२ च्या ब्रूएन खटल्यात तो घराबाहेरही नेला. टेक्सासच्या माळरानावर, जिथे पोलिसांची गाडी पोहोचायला तास लागतो, तिथल्या शेतकऱ्याला हा हक्क जिवाभावाचा वाटतो आणि त्यात खोटे काही नाही.

त्याला भीती असते ती सरकारी यादीची. कुणाकडे कोणती बंदूक आहे हे सरकारला एका जागी कळले, तर उद्या ती जप्तही होईल, या भीतीतून १९८६ चा कायदा आला आणि त्याने बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही ठेवण्यास मनाई केली. त्यामुळे भरलेला फॉर्म सरकारकडे न जाता दुकानातच राहतो. मेक्सिकोत एखाद्या खुनाच्या जागी रायफल सापडली, तर तिचा अनुक्रमांक वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग येथील माग केंद्राकडे जातो. तिथला कर्मचारी आधी कारखान्याला विचारतो, कारखाना घाऊक व्यापाऱ्याचे नाव सांगतो, घाऊक व्यापारी दुकानाचे, आणि दुकानदार आपल्या दप्तरातून गिऱ्हाइकाचे. दुकान बंद पडले असेल तर त्याचे जुने दप्तर खोक्यांत भरून याच केंद्रात आलेले असते; पण त्या कागदांची छायाचित्रे घेतली तरी ती नावाने शोधता येतील अशी करण्यास कायद्याची आडकाठी आहे, म्हणून माणसे एकेक पान डोळ्यांखालून घालतात.

माझे मत विचाराल तर हक्क शाबूत ठेवून करण्यासारखे बरेच काही आहे. बेनामी खरेदी पकडणे, एकाच गिऱ्हाइकाने चार दिवसांत सहा रायफली नेल्या तर दुकानदाराने विचारणा करणे, खासगी विक्रीतही पार्श्वभूमी तपासणे, यांतल्या कशानेही त्या शेतकऱ्याच्या घरातली बंदूक हलत नाही. त्याच्या हक्काच्या आडोशाने टोळीचा दलाल सुखरूप राहतो, ही त्या हक्काचीच विटंबना आहे.

मेक्सिको हरला म्हणजे कंपन्या निर्दोष ठरल्या, असेच ना? (कोल्हापूर)

न्यायालयाने तेवढे म्हटलेले नाही. मेक्सिकोने ऑगस्ट २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात दावा लावला. कोणती दुकाने टोळ्यांना माल पुरवतात हे ठाऊक असूनही कंपन्या त्यांचा पुरवठा चालू ठेवतात, असा मुख्य आरोप होता. २००५ च्या कायद्याने अमेरिकी बंदूक उत्पादकांना अशा दाव्यांपासून संरक्षण दिले आहे. कंपनीने जाणूनबुजून कायदा मोडला असेल तर मात्र ते संरक्षण राहत नाही. न्यायमूर्ती एलिना केगन यांनी निकालपत्रात लिहिले की मेक्सिकोच्या आरोपांतून कंपन्यांची बेपर्वाई फार तर दिसेल, गुन्ह्याला हेतुपुरस्सर केलेले साहाय्य दिसत नाही. केगन उदारमतवादी गटातल्या मानल्या जातात, म्हणून या निकालाला राजकीय रंग देऊन मोकळे होता येत नाही.

दाव्यातला एक तपशील मात्र माझ्या मनातून जात नाही. कोल्ट कंपनीने .३८ सुपर जातीचे एक खास पिस्तूल काढले, त्यावर मेक्सिकन क्रांतीचा नेता एमिलियानो सापाता याचे चित्र कोरले आणि 'गुडघे टेकून जगण्यापेक्षा उभ्याने मेलेले बरे' हे त्याच्या नावे सांगितले जाणारे वचनही कोरले. मार्च २०१७ मध्ये चिवावा शहरात टोळ्यांविषयी लिहिणाऱ्या पत्रकार मिरोस्लाव्हा ब्रीच यांची घरासमोर गोळ्या घालून हत्या झाली. ती याच जातीच्या पिस्तुलाने झाली, असे मेक्सिकोने फिर्यादीत म्हटले होते. अशी पिस्तुले कायदा पाळणाऱ्या हिस्पॅनिक अमेरिकनांनाही आवडू शकतात, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. कायद्याच्या चौकटीत ते बरोबर असेल. तरीही भूमिहीनांसाठी लढलेल्या माणसाचे चित्र त्या पिस्तुलावर पाहून मला वेदना होतात.

अ‍ॅरिझोनातील पाच दुकानांविरुद्ध मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये लावलेला दावा वेगळा आहे आणि या निकालाने तो आपोआप संपत नाही.

अमेरिकी सरकारनेच टोळ्यांकडे बंदुका जाऊ दिल्या, हे खरे की अफवा? (सोलापूर)

खरे आहे. एटीएफ या शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्या संघराज्याच्या खात्याच्या फीनिक्स कार्यालयाने २००९ ते २०११ च्या दरम्यान 'फास्ट अँड फ्युरियस' नावाची कारवाई चालवली. बेनामी खरेदीदारांना लगेच न पकडता त्यांच्यामागून टोळीच्या बड्या धेंडांपर्यंत जायचे, असा बेत होता. प्रत्यक्षात सुमारे २,००० बंदुका नजरेआड झाल्या. १४ डिसेंबर २०१० च्या रात्री अ‍ॅरिझोनातील एका घळीत सीमा गस्ती दलाचे ब्रायन टेरी यांना गोळी लागून मृत्यू आला आणि त्या ठिकाणी सापडलेल्या दोन रायफली याच कारवाईतल्या निघाल्या. खात्यातल्याच माणसांनी तोंड उघडल्यामुळे हे बाहेर आले. मेक्सिको सरकारला अंधारात ठेवले होते, हा त्यातला मला सर्वांत अक्षम्य वाटणारा भाग.

याच पत्रात मेक्सिकोच्या स्वतःच्या दोषाबद्दलही विचारले आहे. तो मोठा आहे. देशाचे माजी सुरक्षामंत्री हेनारो गार्सिया लुना यांना सिनालोआ टोळीकडून लाच घेतल्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०२४ मध्ये ३८ वर्षांहून अधिक कारावास ठोठावला. जर्मनीच्या हेक्लर अँड कॉख कंपनीच्या जी-३६ रायफली तर सरकारी खरेदीतूनच, जर्मनीने पुरवठ्याला बंदी घातलेल्या मेक्सिकोतल्या राज्यांत गेल्या. नाक्यावर हात ओले केल्याशिवाय मुंग्यांची रांग इतकी वर्षे चालत नाही.

मी सॅन अँटोनियोत राहतो, ग्रीन कार्डधारक आहे. एक सहकारी म्हणतो, 'दोन एआर-१५ रायफली तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो, वर तीनशे डॉलर तुला.' मित्राला मदत म्हणून हे चालते का? (टेक्सास)

चालत नाही. कृपया आजच नकार द्या. फॉर्म ४४७३ वर 'खरा खरेदीदार तुम्हीच आहात का' असा थेट प्रश्न असतो. त्याचे खोटे उत्तर हाच गुन्हा. सहकारी स्वतः बंदूक घेण्यास पात्र असला तरी फरक पडत नाही : २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या खटल्यात आरोपीने आपल्या नातलगासाठी पिस्तूल घेतले होते, तो नातलग पूर्ण पात्र होता, तरी शिक्षा कायम राहिली. २०२२ च्या कायद्याने अपात्र व्यक्तीसाठी किंवा गुन्ह्यासाठी केलेली बेनामी खरेदी हा स्वतंत्र गुन्हा ठरवला असून त्याला १५ वर्षांपर्यंत, आणि शस्त्र अमली पदार्थांच्या व्यापारात जाणार हे ठाऊक असल्यास २५ वर्षांपर्यंत कारावास आहे. शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरलात तर ग्रीन कार्डही जाऊ शकते. स्वतःच्या पैशांनी घेऊन पात्र माणसाला दिलेली खरी भेट वेगळी. इथे पैसे त्याचे आहेत आणि वर मोबदलाही आहे.

सीमेवरच्या चार राज्यांत एका गिऱ्हाइकाने पाच कामकाजाच्या दिवसांत अशा दोन रायफली घेतल्या की दुकानदाराला ते एटीएफला कळवावे लागते. म्हणजे नोंद आपल्या नावाची होईल, सहकाऱ्याचे नाव कुठेच येणार नाही, आणि ती रायफल सहा महिन्यांनी सीमेपलीकडच्या नुएव्हो लारेडोत सापडली तर मार्टिन्सबर्गचा माग आपल्या दारी येईल. आपण आधीच सही केली असेल तर कुणाशी बोलण्यापूर्वी फौजदारी वकील गाठा. केली नसेल तर हा प्रकार एटीएफला कळवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आपल्या खोलीतील मित्र एच-१बी व्हिसावर असल्याचे आपण लिहिले आहे. त्यांनी हेही लक्षात ठेवावे की तात्पुरत्या व्हिसावरील परदेशी नागरिकाला, शिकारीच्या वैध परवान्यासारखे अपवाद सोडल्यास, बंदूकच काय, काडतूस बाळगणेही गुन्हा आहे. आणि आपण दोघे नाताळात मोटारीने मॉन्टेरेला जाणार आहात, तर निघण्यापूर्वी डिकी आणि सीटखालची जागा रिकामी करून पाहा. २०१४ मध्ये एक माजी अमेरिकी मरीन सैनिक ट्रकमध्ये तीन बंदुका घेऊन सीमा ओलांडून टिहुआनाच्या नाक्यावर पोहोचला. चुकून वळलो, असे तो सांगत राहिला, आणि त्याला सुटायला सात महिने लागले.