बेचाळीस स्लाइड आणि एक कुलूप

"मुलांनी काही विचारलं आणि मला आलं नाही तर?" इंटर्नशिप सुरू झाली की बी.एड.च्या विद्यार्थ्यांचं हे पालुपद माझ्या समुपदेशनाच्या खोलीत सुरू होतं. "अभ्यास वाढव" असं घरचे सांगतातच. मी सांगत नाही, कारण बहुतेकांचा अभ्यास चांगलाच असतो.

तिचाही होता. (नाव नको, तपशीलही थोडे बदललेत.) भौतिकशास्त्रात बी.एस्सी., आठवीवर सराव पाठ, आणि पाठाच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा नाही. पहिल्याच भेटीत तिनं लॅपटॉप उघडला. विषय लंबक, ४२ स्लाइड.

"तास केवढा?"

"३५ मिनिटांचा."

"मग मुलं बोलणार कधी?"

ती गप्प. मीही गप्प. अशा वेळी तोंड न उघडणं मला फार उशिरा जमलं. शेवटी तीच म्हणाली, "मॅडम, त्यांनी बोलूच नये म्हणून केल्या असतील का मी एवढ्या?"

मागच्या पाठात एका मुलानं विचारलं होतं, दगड जड घेतला तर झोके भरभर पडतील का? हिनं "ते पुढच्या वर्षी" म्हणून टाळलं. उत्तर येत होतं! धास्ती होती ती त्याच्या पुढच्या प्रश्नाची.

"मला आलंच पाहिजे" हे वाक्य मी तिला लिहायला लावलं आणि त्यातला 'च' खोडायला लावला. त्रास असल्या 'च'च्या हट्टातून होतो म्हणणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं मी जाणारी. माझं निम्मं काम हा 'च' हुडकण्याचं. "आलं तर बरं" एवढ्यावर वर्गात उभं राहता येतं.

मग मीटरभर दोरीला कुलूप बांधलं आणि मोबाइलवर वेळ लावली. दहा झोक्यांना साधारण २० सेकंद. दुसरं, जड कुलूप लावलं, तरी तेवढीच. दोरी पाव मीटर केली, तर १०. ती हसत सुटली. "जर्नलमध्ये हे कितीदा लिहिलंय मी! पण रीडिंग आधीच ठरलेली असायची."

छात्राध्यापकांनो, दोरीनं होतं ते दोरीनंच करा. प्रोजेक्टरचा पडदा लावा तो हाताला न जमणाऱ्या गोष्टीसाठी. लंबक चंद्रावर नेता येत नाही, 'फेट' (PhET) या संकेतस्थळावरच्या मोफत सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आभासी प्रयोगात, नेता येतो. पण बटण दाबायच्या आधी अंदाज विचारा, हात वर करायला लावा, फळ्यावर आकडे लिहा. आणि थांबा. विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांत मोजून पाहिलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात. नेट गेलं तर? जाईलच कधीतरी. कुलूप जवळ ठेवा.

पुढच्या पाठाला तिनं पाच स्लाइड नेल्या, दाखवल्या दोन. टाचण अर्धंच झालं. निरीक्षकांचा शेरा, 'वेळेचे नियोजन नाही.' त्याचा फोटो तिनं मला पाठवला, खाली लिहिलं होतं, "सहा जणांनी प्रश्न विचारले. एक मला आला नाही. उद्या मोजणार आहोत."