नवी प्रजाती कशी ठरते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील लेखात गुजरातमधील बालासिनोरजवळच्या रैयोली गावातील डायनासोरांच्या जीवाश्मांविषयी लिहिल्यानंतर वडोदऱ्यातील वाचकांकडून बरेच प्रश्न आले. त्यांपैकी प्रजाती ओळखणे, वेगळ्या काढणे आणि त्यांना नाव देणे यांच्याशी संबंधित असलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या सोसायटीमागच्या तळ्याशी मला एक लहानसा बेडूक दिसला. मोबाइलवरील ॲपला तो ओळखता आला नाही. ही नवी प्रजाती असू शकते का? आणि असल्यास ती जाहीर कोण करते? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मांजलपूर)

शक्यता कमी आहे, पण ती मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. ॲपला ओळख पटली नाही याचा अर्थ इतकाच की त्याच्याजवळ असलेल्या छायाचित्रांशी तुमचे छायाचित्र पुरेसे जुळले नाही. बेडकांचा रंग वयानुसार, ऋतूनुसार आणि नर-मादीनुसार बदलतो, आणि नुकतेच शेपूट गळालेले पिल्लू प्रौढ बेडकासारखे दिसेलच असे नाही. तरीही शंका घेण्यात काही गैर नाही. पश्चिम घाटातून २०१७ साली रात्रबेडकांच्या सात नव्या प्रजाती एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. त्यांतील काही नखावर मावतील एवढ्या लहान असून त्यांचा आवाज किड्यांच्या किरकिरीसारखा असल्यामुळे त्या इतकी वर्षे लक्षात आल्या नव्हत्या. संशोधकांनी त्या वेगळ्या ठरवताना शरीराची मापे, हाक आणि डीएनए या तिन्हींचा आधार घेतला होता.

नवी प्रजाती जाहीर करणारे कोणतेही सरकारी कार्यालय नसते. अभ्यासक तिचे वर्णन लिहितो, जवळच्या सर्व ज्ञात प्रजातींपासून ती कोणत्या लक्षणांनी वेगळी आहे हे दाखवतो आणि तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ते नियतकालिकात छापले जाते. प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिच्यासाठी स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसच्या ग्रंथाचे १७५८ हे वर्ष आरंभबिंदू धरले जाते. वनस्पतींची संहिता वेगळी असून तिचा आरंभ १७५३ पासून होतो. या वर्णनाबरोबर एक विशिष्ट नमुना निवडावा लागतो, त्याला होलोटाइप म्हणतात. पुढे कितीही वाद झाले, तरी ते नाव कोणाचे आहे हे त्या नमुन्यावरून ठरते. भारतात जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या प्रजातीची माहिती नियुक्त संस्थेला कळवणे आणि नमुना तिच्या संग्रहात जमा करणे बंधनकारक आहे. तुम्ही सध्या एवढे करा : बेडकाची हाक ध्वनिमुद्रित करा, पाठीचे, पोटाचे आणि पायाच्या बोटांचे स्पष्ट फोटो काढा, दिवस, वेळ आणि जागा लिहून ठेवा, आणि विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील कोणाला तरी ते दाखवा.

प्रश्न : रैयोलीची हाडे १९८२ ते १९८४ या काळात गोळा झाली आणि त्यांतल्या मांसाहारी डायनासोराला ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव २००३ मध्ये मिळाले, असे आपण लिहिले होते. वीस वर्षे विलंब होण्याचे कारण काय? (निवृत्त अभियंता, अलकापुरी)

याला विलंब म्हणावे की नाही, हा प्रश्न आहे. बालासिनोरजवळच्या रैयोलीत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पथकाने ही हाडे खणून काढली, तेव्हा एकाच थरात मांसाहारी आणि शाकाहारी डायनासोरांची हाडे एकमेकांत मिसळलेली होती. अशा ठिकाणी कोणते हाड कोणाचे हे ठरवणे हेच मुख्य काम असते. उत्खनन करणाऱ्यांनी प्रत्येक हाडाची जागा दाखवणारा नकाशा काळजीपूर्वक तयार केला होता, आणि माझ्या मते राजासॉरसच्या शोधातील सर्वांत मोलाची वस्तू तोच नकाशा होय. त्याच्या आधारे पुढे भारतीय आणि अमेरिकी संशोधकांना कवटीचा मागचा भाग, मणके, कंबरेची आणि मागील पायाची हाडे एकाच प्राण्याची म्हणून जुळवता आली. नकाशा नसता तर हाती केवळ सुटी हाडे उरली असती. जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवरील हाडांचे तसेच झाले. १९३३ साली तेथील सुट्या हाडांवरून अनेक नावे दिली गेली, आणि त्यांतील कोणते अवयव खरोखर एका प्राण्याचे होते हे आजही नीट सांगता येत नाही.

दुसरे कारण तुलनेचे आहे. राजासॉरस मांसाहारी डायनासोरांच्या ज्या अबेलिसॉरिड कुलात बसतो, त्या कुलाची मांडणीच १९८५ साली, अर्जेंटिनातील जीवाश्मांवरून झाली. म्हणजे रैयोलीची हाडे पेटीत आली तेव्हा ती ज्या घरातली आहेत, त्या घराला अजून नावही मिळालेले नव्हते. पुढे दक्षिण अमेरिकेतील आणि मादागास्करमधील नातेवाइकांच्या चांगल्या कवट्या उपलब्ध झाल्यावरच आपल्या प्राण्याच्या कपाळावरील बुटक्या शिंगाचे वेगळेपण दाखवता आले. त्याच परिसरातील आणखी एका मांसाहारी डायनासोराला २०१० मध्ये ‘राहिओलीसॉरस’ हे नाव मिळाले; राजासॉरसपेक्षा सडपातळ पाय हे त्याचे एक लक्षण दिले आहे.

असे उदाहरण एकटे नाही. गुजरातमधल्याच ढोली डुंगरी येथे १९८०च्या दशकात धनंजय मोहबे यांना डायनासोराच्या अंड्यांच्या घरट्यात हाडे सापडली आणि ती सगळी डायनासोराच्या पिल्लाची मानली गेली. २००१ साली अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ जेफ्री विल्सन यांनी त्यांतील मणके सापाचे असल्याचे ओळखले, आणि २०१० मध्ये ‘सनाजेह इंडिकस’ ही प्रजाती प्रसिद्ध झाली : फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप आणि शेजारी नुकतेच जन्मलेले पिल्लू. कच्छमधील पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत २००५ साली मिळालेले मणकेही आरंभी मगरीचे समजले गेले होते. ते काळजीपूर्वक साफ केल्यावर २०२४ मध्ये त्यांतून ‘वासुकी इंडिकस’ हा सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा साप पुढे आला. २७ मणक्यांवरून त्याची लांबी ११ ते १५ मीटर असावी असा अंदाज केला आहे. एवढ्या मोठ्या आकड्याकडे अंदाज म्हणूनच पाहावे, कारण आजच्या सापांच्या प्रमाणावरून तो काढलेला आहे.

प्रश्न : माझ्या जुन्या पुस्तकात ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हा भारतातील पहिला डायनासोर आहे. आता तो अमान्य ठरला असे वाचले. एकदा दिलेले नाव रद्द कसे होते? (वाचक, रावपुरा)

नाव रद्द झाले असे म्हणण्यापेक्षा ते निरुपयोगी ठरले असे म्हणणे अधिक योग्य. १८२८ साली जबलपूर येथे विल्यम स्लीमन यांना ही हाडे मिळाली आणि रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये शेपटीच्या मणक्यांच्या आधारे हे नाव दिले. त्या काळी मणक्यांचा तो आकार अपूर्व होता. पुढे जगभर तशाच मणक्यांचे कितीतरी प्राणी मिळाले, आणि जे एकाचे वैशिष्ट्य वाटले होते ते संपूर्ण गटाचे लक्षण निघाले. त्यामुळे २००३ च्या पुनर्विचारात, टायटॅनोसॉरस म्हणून एका प्राण्याला वेगळे दाखवण्याजोगे त्या मणक्यांत काही उरलेले नाही, असा निष्कर्ष निघाला. त्याच वेळी चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या सांगाड्याला, जो १९९७ मध्ये टायटॅनोसॉरसचीच एक प्रजाती म्हणून वर्णिला होता, ‘इसीसॉरस’ हे स्वतंत्र नाव मिळाले. तो सांगाडा बराच पूर्ण असल्यामुळे हे शक्य झाले. आपल्या जबलपूरचे नाव मागे पडल्याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे, मला स्वतःलाही ते वाटते. परंतु दोन मणक्यांवर अख्ख्या प्राण्याचा भार टाकणे योग्य नव्हते.

प्रश्न : आमच्या अंगणात कृष्णवड आहे, त्याची पाने द्रोणासारखी आहेत. हा वड वेगळ्या प्रजातीचा मानायचा की नाही? (गृहिणी, दांडिया बाजार)

१९०१ साली द कँदोल यांनी त्याला स्वतंत्र प्रजाती मानून ‘फायकस कृष्णी’ असे नाव दिले होते. आज त्याला सामान्यतः वडाचाच, म्हणजे ‘फायकस बेंगालेन्सिस’चाच एक प्रकार मानतात. पानाचा आकार डोळ्यांत भरणारा असला, तरी एका लक्षणावरून प्रजाती वेगळी ठरवण्याआधी फुले, फळे आणि वंशवृद्धी यांचा विचार करावा लागतो. परस्परांत प्रजनन करून सुपीक संतती देणारे जीव एका प्रजातीचे, ही शाळेत शिकवलेली व्याख्या पुष्कळ प्राण्यांना लागू पडते, मात्र वनस्पतींमध्ये संकर इतके होतात की ती तेथे अडखळते. आणि जीवाश्मांच्या बाबतीत तर ती तपासताच येत नाही. म्हणून जीवाश्मांच्या प्रजाती हाडांच्या आकारावरून ठरतात, आणि नर-मादी किंवा पिल्लू-प्रौढ यांना दोन प्रजाती समजण्याचा धोका तेथे कायम असतो.

प्रश्न : नव्या प्रजातीसाठी प्राण्याला मारलेच पाहिजे का? आताच्या काळात छायाचित्र आणि डीएनए पुरेसे नाही का? (शिक्षक, कारेलीबाग)

प्रत्येक वेळी मारावे लागत नाही. अरुणाचल प्रदेशातील ‘बुगुन लिओसिक्ला’ या पक्ष्याचे वर्णन रमणा अत्रेय यांनी २००६ साली केले, तेव्हा त्याचे मोजकेच पक्षी दिसले होते; म्हणून पकडलेल्या पक्ष्याची पिसे, छायाचित्रे आणि मापे ठेवून त्याला सोडून देण्यात आले. तो निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो. मात्र कीटक, कोळी, लहान मासे यांच्या बाबतीत ओळखीची लक्षणे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात, आणि तेथे फोटोवर विसंबल्यास पुढच्या पिढीला तपासण्यासाठी काहीच उरत नाही. डीएनएच्या तुकड्यावरून दोन गट वेगळे आहेत असा संशय येतो आणि तो फार उपयोगी असतो. पण तो तुकडा कोणत्या प्राण्याचा होता हे सांगणारा नमुना जपलेला नसेल, तर त्या माहितीची किंमत निम्मी होते.

नमुन्यावरील नोंद किती महत्त्वाची, हे रानपिंगळ्याच्या कथेवरून कळते. १८७३ साली ह्यूम यांनी वर्णिलेला हा घुबडाच्या जातीचा पक्षी पुढे शतकभर दिसेनासा झाला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे तो मिळवल्याचे लेबल असलेला एक नमुना होता, त्यामुळे शोध घेणारे लोक तिकडे वळत. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासल्यावर कळले की तो नमुना मुळात दुसऱ्याने खानदेशात मिळवलेला, संग्रहालयातून चोरलेला आणि नव्या खोट्या लेबलाचा होता. खोटी नोंद बाजूला ठेवून, खऱ्या नमुन्यांच्या जागा पाहत त्या आणि त्यांचे सहकारी १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळ पोहोचले आणि तेथे त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. एका लेबलाने पक्ष्याला इतकी वर्षे लपवून ठेवले होते. आपल्या कमाटीबागेतील संग्रहालयात ब्लू व्हेलचा सांगाडा मुलांना दाखवताना त्याच्या लांबीबरोबर तो महीच्या मुखाशी मिळाला, हेही अवश्य सांगावे.

प्रश्न : शोधलेल्या प्रजातीला स्वतःचे नाव देता येते का? (विद्यार्थी, फतेहगंज)

नियम तसे स्पष्टपणे रोखत नाहीत, पण तो शिष्टाचार नाही. शिक्षकाचे, गावाचे, नदीचे नाव देण्याची पद्धत आहे. राजासॉरसच्या नावात नर्मदा आहे ती याच रीतीने.

प्रश्न : बालासिनोरच्या बाजूला सहलीला गेलो असता वाटेत अंड्यासारखा गोल दगड दिसला. तो घरी आणावा का? (वाचक, वाघोडिया रोड)

आणू नये. त्या परिसरात डायनासोरांची खरी अंडी मिळाली आहेत, तसेच पाण्याने गोल झालेले आणि खनिजांच्या थरांनी बनलेले साधे दगडही तेथे पुष्कळ आहेत. अंड्याच्या कवचाचा पातळ थर आणि त्यावरील बारीक उंचवटे हातातील भिंगाने कधी दिसतात, पण खात्री प्रयोगशाळेतच होते. जागेवरून हलवलेले अंडे, ते खरे असले तरी, घरट्यातील इतर अंड्यांशी असलेले त्याचे नाते गमावते, आणि ढोली डुंगरीचा साप घरट्यात काय करत होता हे तेवढ्या नात्यावरूनच कळले होते. शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून फोटो काढा, भोवतालच्या खडकाचाही फोटो घ्या, मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवा आणि ही माहिती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गुजरातमधील कार्यालयाला किंवा महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला लेखी कळवा. दगड मात्र जेथे आहे तेथेच, ज्या बाजूवर आहे त्याच बाजूवर राहू द्या.