दाबलेला ठसका

“एवढं जपतो, तरी न्युमोनिया पुन्हा पुन्हा काहून होते?” घशाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या घरून हा प्रश्न मी सतत ऐकते आणि दरवेळी त्यामागे ‘आमचंच काही चुकत असेल’ ही टोचणी असते.

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातील साठीचे शेतकरी आपल्या सुनेसोबत माझ्याकडे आले, तेव्हा वर्षभरातला त्यांचा तिसरा न्युमोनिया नुकताच बरा झाला होता. अनेक वर्षे खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाल्ल्यानंतर त्यांना घशाचा कर्करोग झाला आणि सहा वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया व किरणोपचार झाले. कर्करोग परतला नव्हता. परंतु किरणोपचारानंतर गिळण्याचे स्नायू वर्षानुवर्षे ताठर होत जाऊ शकतात, त्यामुळे घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि त्याबरोबर तोंडातले जंतू फुप्फुसात पोहोचतात. उजवीकडची श्वासवाहिनी अधिक रुंद व सरळ असते, म्हणून चुकलेला घोट बहुधा तिकडेच उतरतो. त्यांच्या तिन्ही एक्स-रेमध्ये डाग उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातच होता.

पहिल्या दोन भेटींत सूनच बोलली. तिसऱ्या भेटीला मी त्यांना डबा घेऊन यायला सांगितले. पिठलं-भाकरीचे चार घास नीट गेले. चहाच्या दुसऱ्या घोटाला मात्र त्यांचे डोळे पाणावले, मानेच्या शिरा तटतटल्या, पेल्यावरची बोटे आवळली गेली, आणि आवाज काहीच नाही. नंतर ते बोलले तेव्हा स्वर ओला, घरघरणारा होता.

“काकाजी, ठसका आला होता ना?”

“आला होता जी.”

“मग?”

बराच वेळ ते पेल्याकडे पाहत राहिले. “खोकललो का सून ताट सोडून धावते, पोरगा पाठीत थापा मारते, नातू रडाले लागते. साऱ्याइचं जेवण मोडते. म्हणून दाबतो.”

सुनेने पदर तोंडाला लावला. आजार एकाला होतो, पण त्याभोवतीच्या सवयी साऱ्या घराच्या असतात, असे मी नेहमी मानत आले आहे. त्या दिवशी ते मला स्वच्छ दिसले. ठसका हा श्वासनलिकेचा राखणदार आहे, आणि घराच्या मायेनेच त्याला गप्प केले होते. आधीच्या तपासण्यांत हे कोणी विचारले नव्हते आणि ते विचारता आले, याचे मला समाधान आहे.

गिळण्याच्या तज्ज्ञांनी एक्स-रेच्या पडद्यावर तपासणी करून त्यांना हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला आणि पाणी, चहा दाटसर करून घ्यायला शिकवले. घरासाठीचे नियम आम्ही एकत्र ठरवले: ठसका आला की कोणीही उठायचे नाही, पाठीत मारायचे नाही, वरून पाणी पाजायचे नाही, त्यांना मोकळेपणी खोकू द्यायचे. खोकताच येत नसेल, बोलता येत नसेल, चेहरा निळसर पडत असेल, तर मात्र तो घास अडकलेला असतो आणि तत्काळ मदत करावी लागते. दर काही घोटांनंतर ‘आ’ म्हणून आवाज ओला आहे का ते ऐकायचे, जेवणानंतर किमान अर्धा तास बसून राहायचे, आणि सकाळ-रात्र दात व जीभ घासायची, कारण तोंड स्वच्छ असेल तर चुकलेल्या घोटाबरोबर जंतू कमी जातात.

काही रुग्णांच्या घशाची संवेदनाच गेलेली असते. त्यांना ठसका येतच नाही. अशा वेळी वारंवार येणारा ताप, जेवणानंतरचा ओला आवाज आणि घटणारे वजन पाहून गिळण्याची तपासणी मागून घ्यावी.

चार महिन्यांनी सून एकटी आली. कापसाची वेचणी संपत आली होती आणि मामाजींना एकदाही भरती करावे लागले नव्हते. “आता नातूच म्हणते, आबा, आ करा,” ती म्हणाली. “अन् ते खोकलले का मी ताटावरून उठत नाही. हात थरथरते, पण बसून राह्यते.”