लेकीच्या एम.ए.साठी निवृत्तीची ठेव मोडावी का?

कोल्हापूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलगी 22 वर्षांची, संस्कृत घेऊन बी.ए. झाली. तिला जर्मनीत हायडेलबर्गला दक्षिण आशियाई भाषा-संस्कृतीत एम.ए. करायचं आहे. यजमान 54 वर्षांचे, खासगी नोकरीत, पेन्शन नाही. शिल्लक म्हणजे 18 लाखांची मुदत ठेव आणि 10 लाख म्युच्युअल फंडात. दोन वर्षांचा खर्च 25 लाख धरला आहे. ठेव मोडावी की 20 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढावं? ताईंचे भाऊ म्हणतात, एवढाच पैसा घालायचा तर एमबीए तरी करू दे.

ताई, नमस्कार. हायडेलबर्गचं नाव वाचून मला फार बरं वाटलं. तिथल्या 1962 साली सुरू झालेल्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर होते. खंडोबा आणि आपले धनगर यांच्या अभ्यासात त्या माणसाने आयुष्य घातलं. तुमच्या लेकीने ही जागा उगीच निवडलेली नाही. भावाचं म्हणणं मी बाजूला ठेवतो, कारण मन नसताना केलेल्या एमबीएवरही तेवढेच लाख जातात. प्रश्न तिच्या विषयाचा नाहीच. या विषयात पैसा कोणत्या टप्प्यावर मिळतो आणि तुम्ही तो कोणत्या टप्प्यावर घालायला निघाला आहात, हे आधी बघू.

पहिल्यांदा खर्चाचा आकडा दुरुस्त करू. हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे तिथे 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे. चार सेमिस्टरचे 6,000 झाले. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला 11,904 युरो दाखवावे लागतात. ही फी नव्हे, महिन्याला 992 युरो असे तिलाच परत मिळतात. पण ते खर्चायलाच लागतात, आणि दुसऱ्या वर्षी तेवढेच पुन्हा उभे करायचे असतात. एकूण जवळपास 30,000 युरो. युरो 105 रुपयांना धरला तरी 31 लाखांच्या पुढे. विमानभाडं आणि सुरुवातीची घरासाठीची अनामत वेगळी. हॅम्बुर्गसारख्या ठिकाणी ही फी नाही, तिथे सहा लाख वाचतील. शिकताना कामाची परवानगी असते, पण पहिल्या वर्षीच्या हिशेबात ती कमाई धरू नका. जर्मन नीट येईपर्यंत काम मिळायलाच वेळ लागतो.

म्हणजे तुमची 28 लाखांची सगळी शिल्लक जाईल आणि तरी थोडं कमी पडेल. तीच शिल्लक हात न लावता राहिली, तर यजमानांच्या साठीपर्यंत ठेव 7 टक्क्यांनी 27 लाख होते. फंडावर 10 टक्के मिळाले तर तिथले साडेसतरा लाख. करापूर्वी का होईना, 44 लाखांच्या घरात. पेन्शन नसलेल्या घरात हाच म्हातारपणाचा पगार आहे. त्यामुळे ठेव मोडायची नाही, यावर मी ठाम आहे.

आता कर्ज. साडेसात लाखांच्या वर गेलात की बँक साधारणपणे तारण मागते, म्हणजे तुमचं राहतं घर. हप्ता शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. अर्धी रक्कम आधी, अर्धी वर्षभराने उचलली तरी 10 टक्क्यांनी तीन वर्षांत पाच लाख व्याज साचतं. 25 लाखांवर दहा वर्षांचा हप्ता 33,000 रुपयांच्या आसपास. हप्ता सुरू होईल तेव्हा यजमान 57 चे असतील, संपेल तेव्हा 67 चे. व्याजावर करवजावट आहे, पण आठ वर्षांपर्यंतच आणि जुनी करप्रणाली घेतली तरच.

या 33,000 च्या शेजारी एक दुसरा आकडा ठेवा: 37,000. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती, मिळवून पीएच.डी.ला बसलेल्या मुलीला पहिली दोन वर्षं दरमहा एवढी छात्रवृत्ती मिळते, पुढे 42,000 होते. घरभाडं भत्ता वेगळा. भाषांच्या अभ्यासात जग पैसे द्यायला लागतं ते इथून, संशोधनाच्या टप्प्यावर. जर्मनीतही बरेच पीएच.डी. करणारे विद्यापीठात पगारी पदावर असतात किंवा डाड (जर्मनीची विद्यार्थी-संशोधकांना मदत करणारी संस्था) देते तशी शिष्यवृत्ती घेतात. एम.ए.चा खर्च मात्र बहुतेकदा घरचा. म्हणून ज्या पायरीवर आपला पैसा जातो ती स्वस्तात चढावी आणि जिथे दुसरं कुणी पैसा देतं तिथे लवकर पोचावं. डोक्यावर 33,000 चा हप्ता असेल तर ती 37,000 ची छात्रवृत्ती घेऊच शकणार नाही. मिळेल ती नोकरी धरेल आणि ज्या भाषांसाठी एवढा खटाटोप केला त्या सुटतील. मला सर्वांत जास्त भीती याची वाटते.

मग करायचं काय? तिने एम.ए. पुण्यात करावं. विद्यापीठात संस्कृत आहे, पाली आहे. डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान आहे, आणि 1948 पासून चाललेलं संस्कृतच्या महाकोशाचं काम तिथेच आहे. भांडारकर संस्थाही पुण्यातच. फी काही हजारांत, राहण्या-जेवणाचे महिन्याला 15,000 धरा. दोन वर्षांचे चार लाख, वर एक लाख फक्त शिकण्यासाठी: मॅक्स म्युलर भवनात जर्मन, शिवाय मोडी आणि जमलं तर फारसी.

मोडी-फारसीचा आग्रह का, ते सांगतो. आमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचे मोडी कागद होते. ते वाचून देणारा माणूस शोधायला मला सात महिने लागले. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची कमतरता अख्ख्या राज्याला जाणवली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. केंद्राने 2025 च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाची आणि जतनाची मोहीम जाहीर केली. त्याच्या आदल्या वर्षी, 3 ऑक्टोबरला, मराठी, पाली आणि प्राकृत अभिजात ठरल्या. यातून उद्या लगेच कायम नोकऱ्या निघतील असं मी म्हणणार नाही. यातलं बरंच काम प्रकल्पावरचं, मुदतीचं असतं. पण एक भाषा येणाऱ्यांपेक्षा दोन लिप्या आणि एक जुनी भाषा येणाऱ्या माणसाला लोक शोधत येतात. संगणकाला भारतीय भाषा शिकवण्याच्या कामातही व्याकरण पक्कं असलेली माणसं लागतात. थोडं प्रोग्रॅमिंग शिकली तर ती वाटही तिच्यासाठी उघडी राहील.

प्राध्यापकीबद्दल स्पष्ट बोलतो. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, ऐकायला छान आहे. पण आपल्याकडे कितीतरी नेट-पीएच.डी. झालेली मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. केवळ त्या पगाराकडे बघून कर्ज काढू नका. परदेशातली प्राध्यापकीही आक्रसते आहे. शिकागोसारख्या मोठ्या विद्यापीठाने 2025 मध्ये मानव्यविद्यांतले पीएच.डी. प्रवेश कमी केले.

माझं मत बदलेल ते एकाच गोष्टीने. तिला राहण्याचा खर्च भागेल अशी शिष्यवृत्ती मिळाली, तर तिला खुशाल पाठवा. फी आणि प्रवासासाठी तुमच्या खिशातून आठ लाखांपर्यंत घाला, त्याहून जास्त नको. तिने या वर्षी अर्ज जरूर करावा, तिथल्या प्राध्यापकांना आत्ताच लिहावं. नाही मिळाली, तर पुण्याचं एम.ए. करून 24 व्या वर्षी ती पुन्हा अर्ज करेल, आणि तेव्हा तिच्या हातात मोडी, पाली आणि जर्मन असेल. जेआरएफसाठी मुलींना वयाची पाच वर्षं सवलत आहे, म्हणजे घाई कसलीच नाही.

तुमची ठेव मार्चमध्ये पिकते आहे असं लिहिलंत. तेव्हा ती एकगठ्ठा पुढे ढकलू नका. पाच लाख वेगळे काढून एक-एक वर्षाच्या दोन ठेवींत तिच्या नावाने लिहून ठेवा, तीन लाख अशाच छोट्या मुदतीत शिष्यवृत्तीची वाट बघत राहू देत, बाकीचे दहा लाख पाच वर्षांसाठी लावा. आणि यजमानांचा आरोग्य विमा फक्त कंपनीचा असेल, तर स्वतःचा वेगळा याच वर्षी घ्या. साठीनंतर तो महाग पडतो.